हाबेस आणि आर्याच्या मधली जागा

बाबा, गेले चार महिने मी संध्याकाळी ऑफिसातून आले की लॅपटॉप उघडून गिटार वाजवते आणि लॅपटॉप ऐकतो. नुसता ऐकत नाही, मोजतो. हे तुम्हाला कसं सांगावं याचा मी बराच विचार केला, कारण तुमच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे कंपनीच्या गेटवरचं हजेरीचं यंत्र. कार्ड सरकवलं की ते टिंग करायचं आणि तुम्ही आत जायचात. तर तसंच एक यंत्र आहे असं समजा, फक्त याला कान आहेत. मी त्याला दोन कॉर्ड सांगते, ए मायनर आणि सी. ते टक टक ठोका देतं. दर चार ठोक्यांनी मी एका कॉर्डवरून दुसरीवर जायचं, परत पहिलीवर यायचं, असं एक मिनिट. मिनिट संपलं की पडद्यावर एक लांब रेघ उमटते. तारा नीट वाजल्या तिथे हिरवी, बोट चुकून तार मुकी झाली तिथे लाल, आणि काहीच वाजलं नाही तिथे मोकळी जागा. ते रागावत नाही, कौतुकही फारसं करत नाही. पुन्हा करायचं का, एवढंच विचारतं.

गिटार तुमचीच आहे. जुनी चाळ पाडून तिथे इमारत झाली, आम्ही पंधराव्या मजल्यावर आलो, आणि सामान हलवताना कपाटामागून ती निघाली. आईने तिला तिच्या एका जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं होतं, वर नाडीने बांधलं होतं. तारांना गंज चढला होता, बाकी लाकूड ठणठणीत होतं. घाटकोपरला स्टेशनजवळ एक दुकान आहे, तिथून तारा बदलून आणल्या. दुकानदाराने विचारलं, "कोणाची आहे?" मी म्हटलं, घरातलीच आहे.

पहिले तीन आठवडे माझी रेघ लालभडक होती. बोटांची टोकं सोलली होती, ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवला तरी चुरचुरायचं. मग हळूहळू लाल कमी झालं. पण मोकळ्या जागा काही जाईनात. दर वेळी कॉर्ड बदलताना, ए मायनर सोडल्यावर आणि सी धरण्याआधी, एक पांढरा तुकडा. तुम्हाला माझं काम ठाऊक नाही, कारण मी नोकरीला लागले त्याच्या बऱ्याच आधी तुम्ही गेलात. पवईच्या एका ऑफिसात मी दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. दिवसभर तेच. त्यामुळे चूक दिसली की ती कधी होते, किती वेळा होते, दर वेळी सारखीच होते का, हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मी त्या पांढऱ्या तुकड्यांवर माऊस नेऊन प्रत्येकाची लांबी बघितली. सगळे सारखे. जवळजवळ अर्ध्या ठोक्याचे, सोमवारी आणि शनिवारी, दमलेली असताना आणि ताजी असताना. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. माणूस गडबडला तर चूक दर वेळी वेगळी होते. दर वेळी तंतोतंत तीच होणारी चूक कोणीतरी लिहिलेली असते.

ही कोणी लिहिली हे मला आईमुळे कळलं. ती भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "गो, वाजयताना ओठ कित्याक हलयतंस? जप करतंस काय?" मी मोबाईल समोर ठेवून स्वतःचं चित्रण केलं आणि बघितलं. खरंच हलत होते. ए मायनरवरून हात उठला की ओठ म्हणत होते 'हाबेस', आणि सीवर पडताना 'आर्या'. तुम्ही गेल्यापासूनच्या चौदा वर्षांत मी हे शब्द एकदाच मोठ्याने उच्चारले असतील, तेही कॉलेजात, आणि त्याचंही सांगते.

तुम्ही कंपनीत खलाशी होता. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय म्हणून तेच लिहिलं, तेव्हा बाईंनी विचारलं होतं की मग सहा सहा महिने बोटीवर असतात का. मी सांगितलं, नाही, विक्रोळीलाच असतात, संध्याकाळी घरी येतात. बाई हसल्या आणि मला वाटलं मी काहीतरी चुकीचं लिहिलं. मग दसऱ्याला तुम्ही आम्हाला यंत्रांच्या पूजेला आत नेलंत. मशीनना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, जमिनीवर रांगोळी, आणि सगळ्या कामगारांची पोरं पेढे खात फिरतायत. तुमच्या साहेबांनी घरच्यांना दाखवायला म्हणून एक लोखंडी नळकांडं उचलून दाखवायला सांगितलं. मला ते अजून दिसतं. तुम्ही क्रेनखाली उभे आहात, हात वर, एक बोट गोल फिरतंय. तुम्ही ओरडता, "हाबेस," आणि आपल्या खोलीएवढं लोखंड जमिनीवरून सुटतं. मग ते हवेत थांबतं. कोणी बोलत नाही. तुम्ही त्याच्याभोवती फिरून खाली वाकून बघता, पुन्हा सरळ होता, तळहात जमिनीकडे करता. "आर्या." आणि ते इतकं हळू टेकतं की आवाजच येत नाही. आई मला हळूच म्हणाली, "घरी ताट पण आपटतत." मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्या दिवसापासून खलाशी म्हणजे काय हे मला कोणी विचारायची वाट मी बघायचे, पण पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्याच वर्षी तुम्ही मला गिटार शिकवायला घेतलीत. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे, म्हणून आपण आत, स्वयंपाकघरात. तुम्ही मोरीच्या कठड्यावर, मी पिठाच्या डब्यावर. आई बांगडे तळतेय, तेलाचे थेंब उडतायत आणि ती दर दोन मिनिटांनी सांगतेय की पोरीला मागे घ्या. गिटार माझ्याहून मोठी. तिच्या पोटावर हनुवटी टेकवून मला माझी बोटं बघावी लागायची. ए मायनर जमली. सी जमेना. अनामिका त्या वरच्या जाड तारेपर्यंत पोचायची नाही. मी ती ओढत न्यायचे, तारेवरून करकर आवाज यायचा आणि तोवर बाकीची दोन बोटं घसरलेली असायची. एकदा तुम्ही जोरात म्हणालात, "फरफटवू नको. ओझं कधी फरफटवायचं नाही." तुम्ही सहसा आवाज चढवत नव्हता, मी रडले. मग तुम्ही गिटार माझ्या मांडीवर नीट बसवलीत. नंतर माझा डावा हात मनगटाशी धरून तारांवरून पूर्ण उचललात आणि म्हणालात, "हाबेस. आता थांब. हवेतच बोटं लाव. लावलीस? आता आर्या." हात खाली आला. सी वाजली. अगदी स्वच्छ नाही, पण सी. आई झारा हातात धरून म्हणाली, "घरात पण कारखाना." तुम्ही हसलात, मी हसले आणि पुढची दोन वर्षं आपण तसंच वाजवलं. उचल, थांब, ठेव. मला वाटायचं गिटार अशीच असते. हे तिच्यातलेच शब्द आहेत.

म्हणून कॉलेजात, पहिल्या वर्षी, गाणाऱ्यांच्या एका घोळक्यात मी मोठ्या विश्वासाने विचारलं, "इथे हाबेस किती लांब घ्यायचा?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकाने सभ्यपणे मोबाईलवर शोधायचा प्रयत्न केला. एक मुलगी म्हणाली, "यार, हा कुठला राग आहे?" मी पुन्हा त्या घोळक्यात गेले नाही. खूप नंतर कुठेतरी वाचलं की हे बोटीवरचे शब्द, शीड चढवताना आणि उतरवताना म्हणायचे, पोर्तुगीज जहाजांवरून आपल्या लोकांच्या तोंडी आलेले. ते गोदीत उतरले, गोदीतून कारखान्यात गेले. कारखान्यातून आपल्या स्वयंपाकघरात कोणी आणले हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

तर ती मोकळी जागा तुमची होती. हे कळल्यावर मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. तुमचा एक धड फोटो नाही आपल्याकडे, लग्नातला सोडला तर. आवाज नाही. तुमचा डबा होता, तो सामान हलवताना गेला. आणि इथे लॅपटॉपच्या पडद्यावर, दर चार ठोक्यांनी, तुम्ही अर्धा ठोका उभे आहात, मोजता येतील इतके स्पष्ट. प्रोग्रॅम मात्र रोज एकच सल्ला देत होता. ए मायनरवरून सीवर जाताना पहिलं आणि मधलं बोट उचलू नका, ती जागेवरच असतात, फक्त तिसरं हलवा. मी बोटं लावून बघितली, खरंच तसं होतं. दोन बोटांची जागा दोन्ही कॉर्डमध्ये एकच आहे. मग तुम्ही मला सगळा हात का उचलायला लावलात? तुम्हाला हे ठाऊक नव्हतं? मला तसं वाटून घ्यायचं नव्हतं. मी सल्ला बंद करायचं बटण शोधलं आणि बंद केला.

पण बायकांना बंद करता येईना. आईचं इमारतीतलं महिला मंडळ हळदीकुंकवाला एक गाणं बसवत होतं, माहेरचं जुनं गाणं, आणि साथीला माझी गिटार. आईनेच हट्ट धरला होता. रात्री जेवणं आटोपली की सोसायटीच्या ऑफिसात आठ-दहा जणी जमायच्या. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी चौदाव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, तू मधे मधे कुठे जातेस?"

"कुठे म्हणजे?"

"आम्ही ओळ उचलतो आणि खाली जमीनच नसते. तू थांबतेस, आम्ही धबाधब पडतो."

दुसरी म्हणाली, "माझा तर श्वासच अडकतो. मला दमा आहे, माहिती आहे ना?"

सगळ्या हसल्या. मी सांगितलं की ही वाजवण्याची एक पद्धत आहे. हे म्हणताना मी आईकडे बघितलं नाही. घरी येताना लिफ्टमध्ये ती म्हणाली, "पद्धत कसली? तुझो बापूस असो कधी थांबूक नाय."

"तूच म्हणायचीस ना, घरात पण कारखाना?"

"ता तुझ्यावांगडा, तुका शिकयताना. माका काय कळता त्यातला? मरोळच्या अंकलाक विचार."

मला राग आला, बाबा. तुमच्याबद्दल मला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट होती आणि लिफ्ट पंधराव्या मजल्यावर पोचेपर्यंत तीही डगमगली. पण रागापेक्षा उत्सुकता जास्त होती. पुढच्या रविवारी मी मरोळच्या गावठाणात तुमच्या दोस्ताकडे गेले. तुम्ही खाली उभे राहून हात करायचात तेव्हा वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेले ते, आणि तुम्हाला गिटार शिकवणारेही तेच. घर तसंच आहे, क्रॉसच्या बाजूला, ओट्यावर तुळशीऐवजी आता मनीप्लांट. त्यांना ऐकायला फार कमी येतं, कानात यंत्र आहे. मी सगळं सांगितलं. त्यांनी यंत्र दाबून पुन्हा सांगायला लावलं.

"गिटारवर हाबेस?" ते म्हणाले. "येडी का तू? मी कशाला शिकवू त्याला असलं? आख्खी पाळी तेच चालायचं. गिटारवर तरी सुट्टी पाहिजे ना माणसाला."

"म्हणजे बाबा हात उचलायचे नाहीत?"

"तो हाताकडे बघायचा पण नाय. जेवणाच्या सुट्टीत वाजवायचा, तोंडाने शिव्या चालू, हात आपला चालू." मग ते थांबले. "थांब, थांब. तुझ्यासाठी होतं ते. बोलला होता मला. म्हणाला, पोरीचं बोट पोचत नाय, हात लहान आहे, रडते. म्हणून तिला सगळा हातच उचलायला लावतो, आणि त्याला नाव देऊन टाकलंय, म्हणजे तिला वाटेल असंच असतं. मी बोललो, सवय लागेल रे, वाट लावशील पोरीच्या हाताची. तर म्हणतो, हात वाढला की काढून टाकीन. तोवर चालू दे."

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, चहा टाकू का. ते म्हणाले, टाक. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग राहिलंच ते."

निघताना त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नातलं एक चित्रण मोबाईलवर पाठवलं. विधीसाठी उंबराचं पाणी आणायला बायका विहिरीवर गेल्या आहेत आणि बाप्ये ओट्यावर बसलेत, असा लग्नाच्या आदल्या दिवसाचा एक तुकडा. त्यात तुम्ही गिटार वाजवताय, असं ते म्हणाले. येताना बस पवईच्या तलावापाशी अडकली तेव्हा मी ते बघितलं नाही, हिंमत झाली नाही. मी माझा डावा हात बघत बसले. बारा वर्षांची होते तुम्ही गेलात तेव्हा. त्यानंतर हा हात कधी वाढला, हे बघायला कोणीच नव्हतं, मीसुद्धा नाही.

घरी येऊन मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला आवडली असती की नाही सांगता येत नाही. प्रोग्रॅम चालू केला, ए मायनर आणि सी निवडल्या आणि मोबाईल लॅपटॉपजवळ धरून तुम्हाला वाजवू दिलं. आई बाजूला येऊन उभी राहिली. चित्रणात तुम्ही कोणालातरी बर्फ आणायला सांगताय, हसताय, मान दुसरीकडे. चित्र धूसर आहे पण हात दिसतो, याच दोन कॉर्डवर फिरणारा. दोन बोटं तारांवर चिकटलेली, तिसरं इकडून तिकडे उडी मारतं, जसं गल्लीतली पोरं गटारावरून मारतात, न बघता. रेघ उमटली. कुठे कुठे लाल होती, लोकांच्या बोलण्यामुळे. पण मोकळी जागा एकही नव्हती. आईने विचारलं, "काय म्हणता ता?" मी म्हटलं, "बाबा पास झाले." ती म्हणाली, "होऊचेच," आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

मी बराच वेळ त्या दोन रेघा एकाखाली एक ठेवून बघत होते. जी जागा मी तुमची म्हणून जपत होते, ती माझी निघाली. माझ्या दहा वर्षांच्या हाताची. तुम्ही फक्त तिला एक शब्द मागे आणि एक शब्द पुढे लावून दिलात, म्हणजे मधल्या शांततेला कोणी चूक म्हणू नये. मी ज्या मुलींना रविवारी गणित शिकवते, त्यांना चुकलं की लगेच खोडरबर देते. आता मला प्रश्न पडतो की त्यातल्या किती चुका फक्त हात लहान असल्याच्या असतील.

सल्ल्याचं बटण पुन्हा चालू केलं. दोन बोटं जागेवर ठेवून फक्त तिसरं हलवायला मला नऊ दिवस लागले. पहिले चार दिवस हात आपोआप उठायचा, मी उजव्या हाताने त्याला खाली दाबायचे. पाचव्या दिवशी ओठ मिटून वाजवलं. नवव्या दिवशी रेघ सलग आली. यंत्राने विचारलं, पुन्हा करायचं का. मी नाही म्हटलं. तुम्ही काढून टाकीन म्हणाला होता, ते निघालं, एवढंच मनात होतं. मोठा शोक वगैरे झाला नाही, हे मला स्वतःलाच नवल वाटलं. हळदीकुंकवाला बायका एका दमात गायल्या. चौदाव्या मजल्यावरच्या काकूंनी जाताना माझ्या बोटांवर थोडं अत्तर लावलं आणि म्हणाल्या, "आता कशी जमीन लागली."

एवढं सगळं लिहून मी हे पत्र कुठे पाठवणार आहे, हा प्रश्न आहेच. पण एक राहिलं, आणि ते लिहिल्याशिवाय पत्र बंद करणं बरोबर नाही. हा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला तेव्हा त्याने विचारलं होतं, तुम्ही कोणाकडे शिकलात. खाली चार पर्याय होते. क्लास, व्हिडिओ, शिक्षक, स्वतः. मी जराही न थांबता 'स्वतः'वर बोट ठेवलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे सत्कार करताना तेच म्हणतात, स्वतःच्या हिमतीवर, आणि ते ऐकून ऐकून मलाही खरं वाटायला लागलं असावं. काल ते पान पुन्हा उघडलं. उत्तर बदलता येतं, पण बदललं की आधीच्या सगळ्या रेघा पुसल्या जातील, अशी सूचना येते. त्यात पहिल्या तीन महिन्यांच्या रेघा आहेत, दर चार ठोक्यांनी ती अर्ध्या ठोक्याची जागा असलेल्या. तिथे अजून 'स्वतः' असंच लिहिलेलं आहे, बाबा. मी बदललेलं नाही.